नानांची चार किलो तूट

कळंबच्या भातगिरणीत नाना दोनदा वजन करत. आलेलं भात एकदा. भरडल्यावर तांदूळ, कणी, कोंडा, तूस पुन्हा सगळं. बेरीज जुळली नाही की केरसुणी घेऊन यंत्राखालचा कण न् कण गोळा करायचे. "गेलं म्हंजे कुटंतरी गेलं. नायसं काय व्हत नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही गावातल्या पोरी त्यांची नक्कल करायचो, तेव्हा तेही मागे उभे राहून हसायचे.

अशा माणसावर गावातल्याच यशोदाकाकूंनी चारचौघांत ठपका ठेवला. त्यांचं भात आलं, वजन झालं आणि गिरणी आठवडाभर बंद पडली. नंतर भरडलं, तर सगळं मिळून चार किलो कमी. "गिरणीनं खाल्लं का तुमी, नाना?" नानांनी घरातला चार किलो तांदूळ आणून त्यांच्या पोत्यात ओतला. तेव्हापासून मात्र ते प्रत्येक गिऱ्हाइकाला काट्याशी उभं करू लागले. मला ते बघवत नसे.

"भात ओलं असेल, पडून सुकलं असेल," मी म्हटलं.

"असंल. पण वाऱ्यावर गेलेलं काट्यावर कसं ठेवू गं?"

पुढे मी भौतिकशास्त्र शिकायला गेले. एका सुट्टीत त्यांना सांगितलं, की दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत एक झाली आणि बेरजेत सुमारे तीन सूर्यांचं वजन कमी भरलं. ते लहरींच्या रूपात अवकाशात पसरलं, आणि अब्जाहून जास्त वर्षांनी पृथ्वीवरच्या यंत्रांना त्यांची थरथर जाणवली. हिशेब जुळला.

"म्हंजे गेलेलं वजन गावलं त्यांना!" नाना पोत्यावरून उठलेच. मग हळूच म्हणाले, "यशोदाला सांग गं हे. मी सांगितलं तर सबब वाटंल."

सांगते म्हटलं, आणि सांगितलं नाही. कधी परीक्षा, कधी नोकरी. खरं म्हणजे काकूंच्या तोंडी लागायची मला भीती वाटायची.

यंदा नाना गेले. तेराव्याला काकू आल्या होत्या. त्यांच्याजवळ बसून मी ते तीन सूर्य एकदाचे सांगितले. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"भात वलं व्हतं, मला ठाव व्हतं गं. दुसऱ्या दिशी सांगाया निगाले व्हते. पन त्यांनी आदीच घरचा तांदूळ वतला व्हता ना, मंग तोंडच उगडंना."

आम्ही दोघींनीही फार उशीर केला. हे ऐकायला जो माणूस इतकी वर्षं थांबला होता, त्याच्या तेराव्याचं जेवून लोक अंगणात हात धूत होते.