डावा धरतो, उजवा चालतो

गिऱ्हाइकांनी त्यांचं नाव रेडिओ ठेवलं होतं, आणि ते काही उगाच नव्हतं. त्यांच्या सलूनचं शटर वर गेलं की यांचं तोंड सुरू व्हायचं, ते शटर खाली येईपर्यंत. कुणाच्या जावयाने नोकरी सोडली, कुणाच्या भिंतीला ओल आली, सगळ्या बातम्या तिथे ताज्या मिळत. पार टक्कल पडलेल्या माणसालाही ते आरशात बघून सांगायचे, "नवरदेव दिसताय, साहेब." हे खोटं आहे हे ठाऊक असूनही माणूस खूश होऊन घरी जायचा.

बायको गेली आणि रेडिओ बंद पडला. सलून दुसऱ्याला चालवायला दिलं, आणि घरात हूं नाही की चूं नाही. जेवलात का विचारलं तरी मान हलणार, बरं वाटतंय का विचारलं तरी मान हलणार. मुलगा सकाळी कामावर निघून जाई. दिवसभराची ती शांतता सुनेच्या वाट्याला येई आणि तिला खायला उठे.

सून घरीच मुलांना पियानो शिकवायची. एक दिवस तिने सासऱ्यांनाच हाताला धरून बाकावर बसवलं. नवशिक्यांचा एवढासा धडा होता, दोन्ही हातांचं जमावं म्हणून दिलेला. डाव्याने एक सूर दाबून धरायचा, तेवढ्यात उजव्याने चार सूर पायऱ्या चढल्यासारखे चढायचे. मग कामांची अदलाबदल. बस्स.

पण तेवढ्यानेच त्यांच्या नाकी नऊ आले. उजवा निघाला की डावाही त्याच्यामागे धावे. जन्मभर डाव्यात कंगवा आणि उजव्यात कात्री सांभाळलेला माणूस! सून म्हणे, मोठ्याने मोजा. ते मोजत, पण ओठांतल्या ओठांत, नजर बोटांवर रोखून. आपण म्हाताऱ्या माणसाचा उगाच छळ मांडलाय असं तिला वाटू लागलं. तरी रोज दुपारी ते न सांगता बाकावर येऊन बसत, म्हणून तिनेही सोडून दिलं नाही.

एका दुपारी ती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. दार उघडंच असे, पियानोवरून तिची पाठ दिसायची. तिने सहज विचारलं, आपल्या कात्रीने दोराही तुटत नाही, धार कुठे लावून मिळेल? आधी नुसतेच सूर आले, मग उत्तर. बाजारामागचा धारवाला पातं झिजवून टाकतो, पुलापलीकडचा बरा, फक्त त्याच्या बडबडीला कंटाळायचं नाही. सुनेला हसू आलं. कोण कुणाला बडबड्या म्हणतंय! आणि मग तिच्या ध्यानात आलं की धडा मध्ये कुठेच अडला नव्हता. हातांवर पहारा नव्हता, तेव्हा ते सलूनमधल्यासारखे आपापल्या कामाला लागले होते.

ती पुन्हा भाजी चिरू लागली. दुसऱ्या दिवसापासून मात्र धडा सुरू झाला की ती पाठमोरीच काहीबाही विचारू लागली. रेडिओ खरखरत का होईना, लागू लागला. पियानो थांबला की पुन्हा नुसती मान.

मग एकदा तिने काहीच विचारलेलं नसताना ते बोलले.

"तुझ्या सासूचे केस शेवटी मीच कापले." हात चालूच होते. "आजारपणात गळायला लागले, तर तीच म्हणाली, काढून टाका. खुर्चीवर बसवलं. समोर आरसा नव्हता. झाल्यावर विचारलं तिने, कशी दिसतेय?"

सुनेच्या हातातली सुरी थांबली. वळून बघावंसं तिला फार वाटलं, पण ती वळली नाही. हा माणूस आयुष्यभर लोकांच्या मागे उभा राहूनच बोलत आला होता.

"अख्ख्या गावाला नवरदेव म्हणत आलो मी. आणि तिला एक शब्द नाही. केस झाडत बसलो."

धडा संपला. घरात पुन्हा ती जुनी शांतता आली, आणि आता ते उठून जातील अशी सुनेला भीती वाटली.

"बाबा," ती तशीच पाठमोरी म्हणाली, "कशा दिसत होत्या आई?"

मग डाव्या हाताने पहिला सूर दाबून धरला, उजवा पायऱ्या चढू लागला, आणि ते सांगू लागले.