कोरडी सीट

मोटार गळत होती, हे खरं. पण पुढं आमच्या घरात जे झालं ते सगळं मोटारीच्या नावावर लावून मी मोकळा होणार नाही. भोकं बुजवली ती माझ्या हातांनी.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा कलेक्टर कचेरीत ड्रायव्हर होते. आमच्या वस्तीतले पहिलेच सरकारी ड्रायव्हर, त्यामुळं नोकरी तळहाताच्या फोडासारखी जपायचे. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा उस्मानाबादहून कपाटं, फायली, टेबलं ट्रकांत भरून आली आणि त्यांच्यामागून दादा एक जुनी काळी मोटार चालवत आले. बारा वर्षं ती मोटार त्यांच्याच हातात होती. मागच्या सीटवर तीन-चार साहेब बसून बदलून गेले. माझी माय मात्र त्या मोटारीत एकदाही बसली नव्हती.

दादांचा नियमच तसा होता. सरकारी गाडीत घरचं माणूस नाही. "लोक टपूनच बसलेत," म्हणायचे, "आपल्याकडं बोट दाखवायला त्यांना कारणच पाहिजे." मी सातेक वर्षांचा असेन. माय तापानं फणफणलेली, मला बोटाला धरून दवाखान्यातून पायी येत होती. समोरून दादांची मोटार आली, रिकामी. दादांनी आमच्याकडं पाहिलं, वेग कमी केला आणि तसेच निघून गेले. मी ओरडत मागं पळालो. माय नुसती म्हणाली, "चल रे, साहेबांची हाय ती."   

कचेरीत नव्या जीपा आल्या आणि मोटार लिलावात निघाली. दादांच्या निवृत्तीला तेव्हा वर्षच राहिलं होतं. त्यांनी ती घेतली. मीही त्याच कचेरीत कारकून लागलो होतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी मदतीला असायचो. गंज खरवडणं, पत्रा ठोकणं, रंग देणं, इंजिन उतरवून परत बसवणं, असं वर्षभर चाललं. मागची सीट दादांनी लाल रेक्झिनची करून घेतली, कारण माय लाल म्हणाली होती. बेत ठरलेला होता. मायला मागं बसवायचं, नांदेडमार्गे हिमायतनगरला तिच्या माहेरी न्यायचं आणि भावाच्या दारात मोटारीतून उतरवायचं. तिनं नवं लुगडं घडी मोडून बघून परत ठेवलंही होतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी वळीव झाला. तासभरच, पण जोरात. दादांनी दार उघडलं तर लाल सीट चिंब, खाली पायाशी पाण्याचं डबकं. दादांचा चेहरा पडला. माय पदर खोचून सीट पुसायला निघाली तर तिला अडवलं.

"ऱ्हाऊ दे. ओल्या सीटवर न्हाई बसवायचं तुला."

"मी काय साहेब हाय का? वाळंल वाऱ्यानं."

"साहेबाला कवा ओल्या सीटवर बसवलं न्हाई. तुला बसवू व्हय?"

मायला हे बोलणं आवडलं होतं, मी पाहिलं. ती हसली आणि आत गेली. त्या हसण्यावरच सगळं अडलं; दादांनी कोरड्या सीटचा हट्टच धरला आणि दुसऱ्या दिवसाचं जाणं राहिलं.

तो वळीव गेला आणि पावसानं तोंड काळं केलं ते दोन वर्षं. नळाला पंधरा पंधरा दिवस पाणी नाही. टँकर आला की अख्खी वस्ती घागरी घेऊन धावायची, आणि रांगेत आमच्या वस्तीचा नंबर सगळ्यांत शेवटी लागायचा, हे सांगायला नको. कचेरीत मी दिवसभर टँकरच्या मागणीचे अर्ज लावायचो आणि घरी आलो की मायची घागर रांगेत सरकवायचो. कचेरीवरची जिल्ह्याची पाटी तेवढी नव्यानं रंगवलेली, त्या रंगाचाच काय तो ओलावा शहरात.

दादांनी मात्र गळती सोडली नाही. पहिल्याच महिन्यात समोरच्या काचेचं जुनं, कडक झालेलं रबर काढून आम्ही नवं बसवलं. दारांची रबरं बदलली. दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर रबर नीट दाबत नाही, अडकली तर बरोबर. सगळीकडं पट्टी अडकली. तरी दादांचं समाधान नाही. "पाण्याची परीक्षा पाण्यानंच व्हती," म्हणायचे. आणि पाणी आणायचं कुठून? वर्ष-सव्वा वर्ष असंच गेलं. एकदा बादली घेऊन मोटारीकडं निघाले तर मायनं वाटेतच धरली.

"माणसाला तोंड धुवायला न्हाई, अन् तुम्ही मोटारीला आंघोळ घालून राहिलात! लाज हाय का न्हाई?"

दादांनी बादली खाली ठेवली.  मग महिन्याभरानं एका रविवारी मायनंच कपडे खळबळलेलं पाणी दाखवलं. आठवडाभर पत्र्याच्या टिपात साठवलेलं, साबणानं पांढरट झालेलं. म्हणाली, "घ्या. पण आटपा आता. मला गावाला जायचंय."

दादा उजेडाला बॅटरी घेऊन आत बसले. मी टपावर, काचांवर तांब्यानं पाणी सोडू लागलो. पाणी वाया जाऊ नये म्हणून माय घमेलं घेऊन खाली वाकली होती. सगळ्यात आधी तिलाच दिसलं. "सापडलं! हे बघा, दाराखालून गळतंय!" खरंच, प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला दोन-दोन भोकं होती आणि त्यातून पाणी टपटपत होतं. आम्हा तिघांना जो आनंद झाला! चोर सापडल्यावर होतो तसा.

दुष्काळात माणसाला एकच अक्कल उरते. पाणी जातंय ते भोक बुजव. घागर गळाली, डाग द्या. टिप गळालं, डांबर लावा. हौद गळाला, सिमेंट थापा. दीड वर्ष वस्तीत दुसरं काम कुणी केलंच नव्हतं. मी सायकलच्या ट्यूबचे तुकडे केले, भोकांत ठासले, वरून डांबर लावलं. आठही भोकं अशी बुजवली की मुंगी जायला जागा नाही. घमेल्यातलं पाणी परत वरून ओतलं. खाली थेंब नाही. आतही थेंब नाही.

"झालं की," माय म्हणाली. "आता जाऊ."

"चार तांब्यांनी काय कळतंय?" दादा म्हणाले. "एकदा खरा पाऊस लागू दे. मग नेतो."

"अहो, आभाळात ढग न्हाई बोटभर. पाऊसच न्हाई तर भिजणार कशानं? आजच जाऊ."

"एवढी वर्षं थांबलीस. अजून एक पावसाळा थांब."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्या बाजूनं बोलावं असं तिला वाटत होतं, ते मला त्याच क्षणी कळलं होतं. पण हात डांबरानं माखलेले, आपल्या कामाचा मोठा ताठा. मीही दादांचीच री ओढली. "हाव माय, पाऊस पडू दे एकदा," म्हणालो. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पावसाची वाट कशासाठी बघायची, तर पावसात भिजू नये म्हणून! शाळेतल्या पोराला कळेल, ते दोन शहाण्या माणसांना कळलं नाही.

मायला कावीळ झाली. टँकरच्या पाण्यानं त्या उन्हाळ्यात पुष्कळांना झाली. लातूरच्या डॉक्टरनं नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं, आणि नेमक्या त्याच दिवशी मोटारीच्या सीटा काढून अंगणात ठेवलेल्या होत्या. दादा तळाला नवा पत्रा मारत होते. रिक्षात चढताना माय थांबली, सीटेकडं बघून म्हणाली, "उन्हात ठेवू नका, रंग उडून राहिला." मग एसटीनं आम्ही नांदेडला गेलो. चाकूरला गाडी थांबली तेव्हा ती उलटी करायला वाकली आणि शेजारच्या बाईनं पाय वर घेतले. ते पाय वर घेणं मी विसरलो नाही.

दवाखान्यात ती आठवडाभर होती. एकदा म्हणाली, "इथून माझं गाव जवळच हाय, न्हाई का?" दादा म्हणाले, "जवळच हाय. बरी हो, इथूनच जाऊ." ती बरी झाली नाही.

त्यानंतर मोटारीवर ताडपत्री टाकली ती कुणी काढली नाही. पाऊस आला तो पार शेवटी, ना सोयाबीनच्या ना ज्वारीच्या, कशाच्याच कामाचा नाही असा. तीन दिवस झोडपलं. वाऱ्यानं ताडपत्री उडून कुंपणाला अडकली. चौथ्या दिवशी दादांनी मोटारीचं दार ओढलं तर ते जड लागलं आणि आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला. दारांतून उसळून पाणी आत उतरलं होतं. लाल सीट परत भिजली होती.

मी नांदेड रस्त्यावरच्या गॅरेजातले म्हातारे मिस्त्री बोलावून आणले. ते वाकले, खालून हात फिरवला आणि चिडलेच.

"ही भोकं कुणी बंद केली, मियाँ? काचेवरचं पाणी दाराच्या पोटात उतरणारच. खालून जायला त्याला रस्ता ठेवलेला असतो. तुम्ही रस्ताच बंद केला. मग ते आत येणार न्हाई तर जाणार कुठं?"

त्यांनी पेचकस घातला आणि पहिलं बूच उपसलं. धार लागली. तोवर दादा आत पळाले होते. बाहेर आले ते मायची घागर घेऊन, आणि ती धारेखाली धरली. पाऊस तीन दिवस कोसळलेला, अंगणात गुडघाभर चिखल, आणि हे गंजकं पाणी घागरीत धरतायत. मला हसू आलं नाही.

आठही भोकं मोकळी केल्यावर मिस्त्रींनी दोन बादल्या टपावर ओतल्या. पाणी दारांत गेलं आणि खालून निघून गेलं. आत थेंब आला नाही. "काचेचं रबर कुणी बसवलंय? चांगलं बसवलंय," ते म्हणाले. "गळती न्हाईच गाडीला."

म्हणजे गळती आम्ही पहिल्याच महिन्यात काढली होती. माय आजच जाऊ म्हणाली, त्या दिवशी मोटार तयार होती. त्याच्या आधी दीड वर्ष तयार होती.

मिस्त्री गेले. दादांनी मागचं दार उघडलं आणि त्या भिजलेल्या सीटवर, तिच्या जागेवर, जाऊन बसले. धोतर भिजत होतं. मी म्हणालो, "दादा, उठा, ओलं हाय."

"हाव," दादा म्हणाले. "ओल्यावरबी बसली असती रे ती. मीच बसू दिलं न्हाई."