मानेमागची जखम
घसा बसला म्हणून आज कोमट पाण्यात मीठ ढवळलं आणि डोंबिवलीचं आमचं स्वयंपाकघर आठवलं. माझं लग्न ठरलं त्याच आठवड्यात मी ठाण्याला जाऊन मानेमागे पिअर्सिंग करून आलेले. कातडीतून आडवी गेलेली बारीक दांडी आणि दोन्ही टोकांना चकाकते मणी. आईने कपाळावर हात मारला. पण जखम चिघळली, ती मला दिसायची नाही, म्हणून रोज आईच मला स्टुलावर बसवून मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने हलकेच पुसायची. एकदा पुसता पुसता मागूनच म्हणाली, "खरं सांग हं, तुला हे लग्न नकोय का?" तिचा चेहरा मला दिसत नव्हता, माझा तिला. बोलायला याहून सोपी वेळ आली नसती. मी म्हटलं, "तसं काही नाही गं. हळू, दुखतंय." पुढे कातडीनेच ती दांडी हळूहळू बाहेर ढकलली, लग्न मात्र ठरल्याप्रमाणे झालं. ते टिकलं नाही. आता ठाण्यात बाळकुमला मी एकटी राहते. आई आली की म्हणते, "तेव्हा मी तुला अजून एकदा विचारायला हवं होतं गं." तिने नीटच विचारलेलं. एवढंसुद्धा मला अजून तिला सांगता आलेलं नाही.