दोन तासांचं अंतर

शिकागोच्या चायनाटाऊनमधला तो म्हातारा चिनी वैद्य मला एकदाच भेटला, ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात. फ्लूने मी बेजार होतो. अमांटाडिनच्या गोळ्या चालू होत्या आणि काढ्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. तरी बायकोने ड्राइव्ह करून तिथे नेलंच.

त्याने डोळे मिटून नाडी पाहिली, लाकडी खणांतून मुळ्या काढल्या, छोट्या तराजूत तोलल्या.

"डॉक्टरची गोळी घेता?" त्याने मोडक्या इंग्रजीत विचारलं. मी मान डोलावली.

"सोडू नका. काढा दोन तासांनी घ्या." पुडी बांधताना म्हणाला, "बरे झालात की डॉक्टरला सांगा, तुमच्या गोळीने झालो. त्यांना आनंद होतो."

बायकोने रुमालात तोंड लपवलं. ती गोळी लिहून देणारा डॉक्टर मीच होतो.

चार दिवसांनी बरा झालो. दाढी करताना आरशातल्या डॉक्टरला तसं सांगितलं. खरंच आनंद झाला त्याला.