मोत्या चावला

निल्याला कसलाही आजार नव्हता.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. बोनकोड्यात आमच्या नाक्यावर फ्लेक्स लागलाय. मजकूर मागच्याच वर्षीचा, 'अल्पशा आजाराने दुःखद निधन'. वर फक्त 'प्रथम पुण्यस्मरण' वाढवलंय.

फोटो त्याच्या गाजलेल्या रीलमधला. हात पुढे, मान तिरकी, हसतोय. कुणाकडे बघून हसतोय, ते कापून टाकलंय.

तिकडे नाग होता.

त्याच नागाने त्याला मारलं. कुठे रेस्क्यूला गेला असताना नाही. स्वतःच्या घरात, स्वतः पाळलेल्या नागाने.

मी आणि निल्या शाळेपासूनचे दोस्त. साप पकडायला एकत्रच शिकलो. कुणाच्या किचनमध्ये, कुणाच्या पार्किंगमध्ये साप निघाला की सोसायटीवाले आम्हाला फोन करायचे. लोक सर्पमित्र म्हणायचे. मैत्री एकतर्फी आहे हे मला लवकर कळलं. निल्याला शेवटपर्यंत नाही.

उलव्याला एका बिल्डिंगचा पाया खोदताना जेसीबी लागून एक नाग जखमी झाला. निल्या त्याला घरी घेऊन आला. नाग घरात ठेवणं गुन्हा आहे, हे आम्हा दोघांनाही पाठ होतं.

"फॉरेस्टवाल्यांना कळव."

"जखम भरू दे. उद्या कळवतो."

जखम भरली. तो उद्या काही उजाडला नाही.

"आता सोडू कुठं भावा? जिथनं आणला तिथं टॉवर उभा राहतोय. हा जाऊन फ्लॅट बुक करणार आहे का?"

मीही फॉरेस्टवाल्यांना फोन केला नाही.

आणि खरं सांगू? देखणा होता तो. गव्हाळ रंग, फणा काढला की खोलीतले सगळे एकदम गप्प. दिवसभर बेलापूरच्या ऑफिसात फाइली इकडच्या तिकडे करायच्या, साहेबाने कधी धड नावानेही हाक मारायची नाही, आणि घरी आल्यावर असं काहीतरी आपल्याकडे मान वर करून बघतंय. निल्याला काय वाटत असेल ते मला कळत होतं. मीही तिथे बघत बसायचो.

काकीचा, म्हणजे त्याच्या आईचा, मात्र सक्त विरोध. त्यांच्यात सापाचं नाव घेत नाहीत. दिवेलागणीला तर नाहीच. नाव घेतलं की येतो म्हणतात. लांबडा म्हणायचं, नाहीतर जनावर.

"घरान लांबडा नको आनू रं," ती रोज म्हणायची.

निल्याने तोडगा काढला. "आई, तू याला मोत्या बोल. मोत्या बोललं की भीती नाय वाटत."

आणि खरंच नाही वाटली. थोड्याच दिवसांत काकी "मोत्याचा पानी बदललास काय?" असं विचारायला लागली. शेजाऱ्यांना वाटायचं यांनी कुत्रा आणलाय. निल्या डोळा मारायचा. "वाटू दे. बरंच आहे."

एका रविवारी संध्याकाळी त्याने मोत्याला उंदीर घातला आणि तसाच, हात न धुता, पाण्याचं भांडं काढायला गेला. मोत्याने बोट धरलं. साप माणूस ओळखत नाही, वास ओळखतो. हे निल्या स्वतः शाळांमध्ये जाऊन पोरांना सांगायचा.

"काय नाय आई, मोत्याने जरा दात लावला," म्हणून सोफ्यावर बसला. आधीही एकदा चावला होता, तेव्हा नशिबाने विष अंगात गेलंच नव्हतं. तेव्हापासून "मला ओळखतो तो" असं छाती फुगवून सांगायचा.

मग पापण्या खाली यायला लागल्या. जीभ जड झाली.

काकीने रिक्षात घालून जवळच्या छोट्या दवाखान्यात नेलं.

"काय झालं?"

"मोत्या चावला."

त्यांनी बोट धुतलं. कुत्र्याचं इंजेक्शन दिलं. रविवारची संध्याकाळ, डोळे मिटलेले, बोलणं अडखळत. "पिऊन आलाय का?" असंही विचारलं. निल्या दारूला कधी शिवला नाही. पण ते सांगायला त्याची जीभ वळत नव्हती.

काकीने मला फोन केला. "मोत्या चावलाय रं. इंजेक्शन दिलाय. पन यो डोले उघरत नाय."

रीलमधला नाग म्हणजेच मोत्या, हे त्या घराबाहेर फक्त मला माहीत होतं.

"काकी, साप सांगा त्यांना! साप!"

"दिवेलागनीला नाव नको घेऊ रं त्याचा."

मी ओरडत राहिलो. शेवटी कुणीतरी तिच्या हातून फोन घेतला, तेव्हा मी सांगितलं. मग एकच धावपळ झाली. मोठ्या हॉस्पिटलला पोचेपर्यंत श्वास बंद पडत आला होता. विषावरचं औषध दिलं, व्हेंटिलेटर लावला. सगळं केलं. उशीर झाला होता.

मोत्याला फॉरेस्टवाले घेऊन गेले. ठणठणीत होता.

त्या रीलवर अजून लाइक येतात. परवा एकाने लिहिलं, "भावा, मला पण नाग पाळायचाय. कुठं मिळेल?" मी खाली लिहिलं, अरे, हा माणूस तोच नाग चावून मेलाय. त्याने हसणारा इमोजी टाकला. असे खूप आहेत. मी सांगत राहतो, ते हसत राहतात. पुढचा फ्लेक्स कुणाचा, एवढंच बघायचं.

काल संध्याकाळी काकीकडे गेलो. देवापुढे दिवा लावत होती. म्हटलं, काकी, फ्लेक्सवर काहीही असू दे, मी खरं लिहू का?

बराच वेळ ती वात सारखी करत राहिली.

"लिव," म्हणाली. "साप चावला माज्या पोराला. साप. साप."

दिवेलागणीची वेळ होती. नाव घेतलं की येतो म्हणतात.

आम्ही दोघं दाराकडे बघत बसलो. कुणीच आलं नाही.

निल्या, जा बाबा. भावपूर्ण श्रद्धांजली, खऱ्या कारणासकट.