पिशोरच्या शाळेतलं लिनक्स

राजकुमारचं शहागंजात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. पिशोरच्या शाळेतल्या कॉम्प्युटरांवर लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचं काम त्याच्याकडं आलं, तेव्हा डेबियन नावाचं भरवशाचं लिनक्स त्याला लई जुनाट वाटलं. त्यानं स्वतःच्या आवडीचं, सतत नवं होत राहणारं लिनक्स टाकलं. ते बिघडलं की दुकानात तो चुटकीसरशी नीट करायचा. शाळेत कोण करणार, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

दोन वर्षांनी खंडेनवमीला तो शाळेत गेला. प्रत्येक कॉम्प्युटरला झेंडूचा हार, हळदीकुंकू.

"जपलेत की," तो म्हणाला.

"पूजा चुकवत नाय," प्रेरणा मॅडम म्हणाल्या. "पण एका अपडेटनंतर सगळ्यांच्या स्क्रीन काळ्याच राहिल्या. आमच्याच हातून काहीतरी बिघडलं असंल. तवापासून पोरांना हात लावू देत नाय."