बिनबर्फाच्या घरातले टायर

आमच्याकडे गाडी नाही. सिंगापूरला आल्यापासून कधीच नव्हती. इथे गाडी घ्यायची तर आधी ती ठेवण्याचा परवाना विकत घ्यावा लागतो, आणि त्या पैशात पुण्यात माणूस दोन गाड्या घेईल. शिवाय क्वीन्सटाउनला आमच्या ब्लॉकखालूनच बस सुटते. रस्त्यात खड्डा म्हणाल तर औषधालाही सापडत नाही, आणि बर्फ फक्त उसाच्या रसात. असं असूनही दोन हजार चौदाच्या आसपास एक अख्खा हिवाळा माझ्या घरात टायर सोडून दुसरा विषय नव्हता. हिवाळा तिकडचा, अमेरिकेतला. आमच्याकडे आपला बारा महिने घाम.

आम्हाला मुलगा एकच. लहानाचा मोठा इथेच झाला. इथल्या नियमाप्रमाणे दोन वर्षं लष्करात काढली, उन्हात करपून आला, मग पदवी घेतली आणि चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत लागला. ह्यांच्या मते आता सगळं मार्गी लागलं होतं. त्याने इथला पासपोर्ट घ्यायचा, लग्न करायचं, आणि आम्ही त्याच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये म्हातारं व्हायचं. आणि एके दिवशी जेवता जेवता पोरगा म्हणाला, "मला मिशिगनला नोकरी लागलीय. पुढच्या महिन्यात जातोय." विचारलं नाही, सांगितलं. ह्यांना तेच झोंबलं.

शब्दाने शब्द वाढत गेला. शेवटी हे म्हणाले, "जायचंय तर जा. पण मी काही तुला ये म्हणून बोलावणार नाही."

"ठीक आहे," तो म्हणाला, "मग तुम्ही ये म्हणाल तेव्हाच मी येईन."

झालं! खाण तशी माती. मला वाटलं होतं, विमानात बसेपर्यंत दोघं निवळतील. कसले निवळताहेत? सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, अशी ही दोन माणसं. पुढे दोन वर्षं दर रविवारी सकाळी, म्हणजे त्याच्या शनिवारी संध्याकाळी, फोन यायचा तो मला. हे शेजारच्या सोफ्यावर पेपर उघडून बसायचे, आणि पान उलटायचं विसरायचे. "आई, बाबांना सांग," असं तो म्हणायचा, आणि फोन ठेवल्यावर हे म्हणायचे, "त्याला म्हणावं." मी आपली मधल्यामध्ये टपालखातं. मुद्दाम फोन स्पीकरवर ठेवायचे, म्हटलं ऐकू तरी येऊ दे मेल्यांना एकमेकांचा आवाज.

दुसऱ्या वर्षी तिकडे त्याने एक भली मोठी जर्मन गाडी घेतली. वापरलेली, पण चकचकीत. चामड्याच्या गाद्या, आणि बसलं की सीट गरम होते म्हणे. मी म्हटलं, एकटा जीव, कशाला हवी एवढी? नाकापेक्षा मोती जड. त्या हिवाळ्यातला पहिला बर्फ पडून वितळला तसे त्या मोत्याचे हाल सुरू झाले. तिथे म्हणे पाणी रस्त्याच्या चिरांत शिरतं, गोठून फुगतं आणि डांबर उखडून टाकतं. अशाच एका खड्ड्यात गाडी आदळली, टायर फुटला आणि चाकाची रिम वाकली. त्या रविवारी तो मला हे सांगत होता आणि मी घाबरून विचारत होते, "तुला काही लागलं नाही ना रे?"

तेवढ्यात सोफ्यावरून आवाज आला, "रिम किती इंची आहे, विचार त्याला."

मी विचारणार, त्याच्या आत फोनमधून उत्तर आलं. "एकोणीस."

"मग फुटणारच," हे म्हणाले. "एकोणीसची रिम म्हणजे टायरला अंगच राहत नाही. खड्ड्याचा मार सरळ लोखंडावर." आणि उठले, माझ्या हातातून फोन घेतला आणि खिडकीपाशी गेले. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. आनंदानेच.

त्या दिवसापासून टायर सुरू झाले. टायरचे दोन-दोन संच ठेवायला मुलाकडे जागा नव्हती, म्हणून बर्फालाही चालेल आणि उन्हाळ्यालाही, असा बारमाही टायर हवा होता. ऐकायला सोपं वाटतं. पण बर्फाला मऊ रबर लागतं आणि मऊ रबर उन्हात लवकर झिजतं. खड्ड्यांसाठी टायरची कड उंच हवी, तर अशा ऐटबाज गाडीला दिसायला आणि वळायला बारीक कड हवी. हे म्हणायचे, एक इंच खाली ये, अठराची रिम घाल. तो म्हणायचा, अठराची ब्रेकला घासली तर? शिवाय गाडी खुळ्यासारखी दिसेल. "तुला मिरवायचंय का जगायचंय?" हे ओरडायचे. मला धस्स व्हायचं, की झालं, आता परत दोन वर्षं. पण पुढच्या रविवारी तो पुन्हा हजर. "बाबा, कडेवर डोंगराचं आणि बर्फाच्या फुलाचं चित्र, ती बर्फात चालण्याची खूण, असलेलाच घ्यायचा ना? साधा नको ना?" तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना!

ह्यांना बर्फाचं काय कळत होतं? जन्मात पाहिला नव्हता. पण खड्डे कळत होते. पुण्यात असताना एका जुन्या गाडीवर त्यांनी शहरातला एकेक खड्डा अंगावर घेतला होता. इथे आंग मो किओच्या कंपनीत ते इलेक्ट्रॉनिक्सचे भाग तपासायचे. तिथून सुटले की आमच्या ब्लॉकच्या कार पार्कमध्ये जायचे आणि लोकांच्या गाड्यांपाशी उकिडवे बसून टायरवरचे आकडे वाचायचे. एकदा शेजारच्या चिनी काकांनी मला लिफ्टमध्ये गाठून विचारलं, "यू बायिंग कार, आह?" मी म्हटलं, नाही हो, माझा नवरा मुलाशी बोलतोय. ते बिचारे गोंधळून हसले.

मी मात्र वाट बघत होते त्या एका शब्दाची. एवढं बोलताहेत, तर बोलता बोलता कधीतरी हे 'ये' म्हणतील. फोन झाला की मी टोकायचे, "अहो, सुट्टी कधी आहे ते तरी विचारा." हे म्हणायचे, "टायरचं होऊ दे आधी." आठवडे गेले, तरी टायरचं काही होईना. एकदा मी वैतागले. "अहो, इतके दिवस तो गाडी कशावर चालवतोय? हवेवर?"

हे चष्मा पुसत होते. म्हणाले, "बसवलेत त्याने केव्हाच. मला काय कळत नाही?"

"मग दर रविवारी हे दळण कशाला?"

"तो विचारतोय, म्हणून मी सांगतोय. तू बोलू नकोस त्याला काही."

मी बोलले नाही. म्हटलं, असू दे, गाडी रुळावर येतेय.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, कामाच्या दिवशी सकाळी, हे डबा घेऊन निघाले आणि एमआरटीच्या फलाटावर कोसळले. हॉस्पिटलमधून मला ऑफिसात फोन आला. मी पोचले तेव्हा डॉक्टर माझ्याशी फार हळू बोलायला लागली, आणि तिच्या त्या हळू बोलण्यावरूनच मला कळलं. हृदय. आधी काही दुखणं नाही, खुपणं नाही. सकाळी मी त्यांच्यावर ओरडले होते, छत्री विसरलात म्हणून.

मुलाला फोन मीच केला. "मी येतो," एवढंच तो म्हणाला. ह्यांना त्याच्यासाठी ठेवलं होतं. तो विमानतळावरून थेट आला, मंडाईच्या स्मशानात त्याने सगळं केलं, डोळ्यातून टिपूस नाही. लोक म्हणाले, खंबीर आहे हो मुलगा. मला तो खंबीर नको होता.

चौथ्या-पाचव्या दिवशी भेटायला येणारे कमी झाले आणि आम्ही दोघंच जेवायला बसलो. त्याने घास हातात घेतला आणि खाली ठेवला.

"आई, तुला एक सांगू? टायर मी पहिल्याच आठवड्यात बसवले होते. अठराचेच. बाबा म्हणाले तसेच."

"मग इतके महिने काय विचारत होतास?"

"ते बोलत होते ना माझ्याशी. टायर झाले म्हटलं असतं तर काय बोलले असते? मला वाटायचं, जरा लांबवू. लांबवता लांबवता एखाद्या रविवारी म्हणतील, ये." तो ताटाकडे बघत होता. "शेवटी शेवटी मला लाज वाटायची. आपण बाबांना फसवतोय असं वाटायचं."

मला वाटलं, हे तरी ओझं त्याच्या डोक्यावरून उतरू दे. म्हटलं, "फसवलं नाहीस रे. त्यांना माहीत होतं. मला स्वतः म्हणाले, बसवलेत त्याने केव्हाच."

लहानपणी पडला की क्षणभर श्वास अडकायचा आणि मग भोकाड पसरायचा, तसा त्याचा चेहरा झाला.

"माहीत होतं?" तो म्हणाला. "मी कशासाठी विचारतोय, हे माहीत होतं? मग ये का नाही म्हणाले, आई?"

आणि तो रडायला लागला. स्मशानात रडला नव्हता ते सगळं. मी उठून त्याचं डोकं पोटाशी धरलं. समोरची ह्यांची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर मला इतका संताप आला, इतका, की उठा आणि म्हणा आता 'ये', असं मी त्या खुर्चीला मोठ्याने म्हणाले.